धोटा कॅसेट कंपनीची कोरी बाजू

पंक रॉक म्हणजे नक्की काय, हे दत्ताराम भुवडाला आजतागायत कुणी धड समजावून सांगितलेलं नाही. ज्यांनी समजावलं त्यांचं त्याला ऐकू आलं नाही, आणि ज्यांचं ऐकू आलं ते समजावत नव्हते, वाजवत होते. असं असूनही कुणा दाढीवाल्या इसमानं एका इंग्रजी मासिकात छापून टाकलं की, घोडपदेवची 'धोटा कॅसेट कंपनी' ही पंक रॉकची स्वतंत्र बाण्याची कंपनी होती आणि तिच्या मालकाला काळाच्या पुढची दृष्टी होती. समोरच्या चाळीतल्या मंजुळेनं ते मराठी करून दत्तारामच्या कानात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "डोळ्यांचं ठीक हाय. कानाचं काय लिवलान?"

कानाचं काहीच लिहिलं नव्हतं. म्हणजे मुद्द्याचंच राहिलं. कारण ही अख्खी कंपनी कानातून जन्माला आली.

दत्ताराम मूळ संगमेश्वराकडचा. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आला आणि गिरणीत साचेखात्याला चिकटला. गिरणीत मागाला साचा म्हणतात. एका छपराखाली शेकडो साचे, आणि प्रत्येकात लोखंडी टोकाचा लाकडी धोटा सूत घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे आपटत राहायचा. तिथं कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नसे. म्हणून साचेवाले आवाजाशिवाय बोलत. ओठ मोठे हलवायचे, जोडीला हात घ्यायचा आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचं. अशा रीतीनं त्यांनी गावच्या जमिनी, पोरींची स्थळं आणि जॉबर म्हणवणाऱ्या मुकादमाची अक्कल या सगळ्यावर वर्षानुवर्षं यथेच्छ चर्चा केली. मोबदल्यात गिरणीनं त्यांचे कान ठेवून घेतले. बाहेर साचेवाला चटकन ओळखू यायचा. तो एकतर गप्प असे, नाहीतर ओरडत असे. मधली पट्टी त्याच्यापाशी नसे.

दत्तारामच्या समोरच्या साच्यांवर महादेव पाष्टे होता. दोघांच्या वाड्या गावी शेजारी-शेजारी, मध्ये फक्त एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. मुंबईतही दोघांच्या चाळी समोरासमोर, मध्ये फक्त एक अंगण. आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. ते असं की, दत्ताराम शक्तीवाला आणि महादेव तुरेवाला.

शक्ती-तुऱ्याची बारी ज्यांनी पाहिली नसेल त्यांची मला कीव येते. पायात चाळ बांधलेले गडी गोल फिरत नाचतात, मध्ये ढोलकी आणि झांज, आणि दोन बाजूंचे दोन शाहीर गाण्यातून एकमेकांची सालटी काढतात. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जबाब द्यायचा. त्यात आई-बाप, अक्कल, नाक-डोळे सगळं निघतं आणि कुणी रागावत नाही. यांच्या वाड्यांत एक रीत होती. ज्याला जबाब सुचणार नाही त्यानं समोरच्यापुढं नारळ ठेवायचा. बारी संपली. मग दोघा शाहिरांनी एका पानात जेवायचं. नारळ ठेवेपर्यंत मात्र बारी चालूच, मग पहाट होवो की पुढचा शिमगा येवो. दत्ताराम आणि महादेव यांच्यात आजवर कुणीही नारळ ठेवलेला नव्हता. दोघांचीही जीभ थांबत नव्हती आणि मान वाकत नव्हती.

मग ब्याऐंशीचा संप आला. पहिल्या वर्षी दोघंही फाटकावर उभे राहिले. दोघांनी मिळून कोंड्याची भाकरी खाल्ली आणि संपावर पदं रचली. वर्ष उलटून गेल्यावर एके सकाळी काही कामगारांना घेऊन एक लॉरी पोलिसांच्या पहाऱ्यात गिरणीत शिरली. दत्ताराम फाटकावरच होता. लॉरीच्या फळीवर महादेव बसलेला होता. दोघांची नजरानजर झाली. महादेव ओठांनी काहीतरी सांगायला लागला. दत्तारामनं तोंड फिरवलं.

साचेवाल्यानं तोंड फिरवणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. बाकीच्यांचा अबोला असतो तेव्हा निदान ऐकू तरी येतं. यांचा अबोला म्हणजे एकदम कडी-कुलूप. त्या दिवसापासून दोघंही आपापल्या गॅलरीत अंगणाकडं पाठ करून उभे राहायला लागले, चुकून कुणाचे ओठ दिसू नयेत म्हणून. संध्याकाळी सगळी चाळ अंगणाकडं तोंड करून गप्पा हाणायची आणि हे दोन ढाण्ये वाघ भिंतीकडं तोंड करून विड्या ओढायचे. नवीन भाडेकरूंना वाटे, या दोघांना काहीतरी शिक्षा झालेली असावी.

शिक्षा झालेलीच होती. कारण दत्तारामशी बोलायला जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. बायको मालन बोलायची, पण तिला घाईघाईनं पुटपुटत बोलायची सवय. तिचे ओठ त्याला वाचता येत नसत. आपण भिंतीशी संसार करतोय, असं ती नळावर सांगायची. महादेवाचे ओठ म्हणजे त्याला मोठ्या टायपातलं पुस्तक होतं. तेच त्यानं मिटून ठेवलं होतं. आपणहून उघडणं म्हणजे नारळ ठेवणं, आणि फितुरापुढं नारळ ठेवायला तो काही तयार नव्हता. तो म्हणायचा, संप कुणी रीतसर मागं घेतलाय काय? मग मी का घेऊ?

तीन-चार वर्षांनी ती गिरणीही बंद पडली आणि महादेव वरळीला एका इमारतीवर वॉचमन झाला. म्हणजे आत गेलेला आणि बाहेर राहिलेला, दोघंही शेवटी एकाच मापात मोजले गेले. तरी पाठी काही वळल्या नाहीत.

याच सुमाराला मालनचा भाऊ जगन आखातातून आला. घरचं झालं थोडं न्‌ व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसं त्यानं भावोजींसाठी दोन कप्प्यांचा भलामोठा टेपरेकॉर्डर आणला. एका कप्प्यातलं दुसऱ्यात उतरवता येई. पुढं एक काचेची खिडकी, तीत काटा, आणि काट्यामागं पट्टी, अर्धी हिरवी, अर्धी लाल. जगननं बजावलं, "भावोजी, काटा हिरव्यात ठेवा. लालात गेला की आवाज फाटतो."

भावोजींनी हे ऐकलंच नाही. त्यांनी आपलं स्वतःचं बघितलं. सगळं आयुष्य लाल बावट्याखाली गेलेलं, त्यामुळं काटा लालात गेला की त्यांना फार बरं वाटे. हिरव्यात असला की वाटे, मशीन अजून संपात उतरलेलं नाही.

दत्तारामनं आपल्या शक्तीवाल्या मंडळाला खोलीत बोलावलं. माइक पाळण्याच्या कडीला टांगला, ढोलकीवाल्याला मोरीत बसवलं, झांजवाल्याला कॉटवर. आवाज बरोबर लागलाय की नाही हे बघायची त्याची एक पद्धत होती. स्पीकरवर तळहात ठेवायचा. साचेखात्यात पायाखालची फरशी जशी थरथरायची तशी थरथर हाताला लागली की ठीक. ती लागेपर्यंत बटण फिरवत जायचं. बटण संपलं, तेव्हा थरथर जेमतेम लागली. आणि मग त्यानं सवाल टाकला.

"सांग गड्या तुरेवाल्या, सवाल आहे साधा,
भाऊबंद फाटकाशी, तू आत कसा रे दादा?"

जी कॅसेट तयार झाली ती ऐकून धडधाकट कानाच्या माणसाला वाटावं की, पत्र्याच्या डब्यात कुणीतरी मांजर आणि ढोलकी एकत्र कोंडून जिन्यावरून सोडलीय. लालबागच्या कॅसेटवाल्या शामरावांनी ती दुकानात लावली आणि शेजारच्या मिठाईवाल्याच्या हातातलं तराजू पडलं. "दत्ताराम, ही खराब आहे," ते म्हणाले. दत्तारामला वाटलं, किती खपतील ते विचारताहेत. "ठेवा सगळ्या," तो म्हणाला आणि गेला.

आणि कॅसेटी खपल्या! आधी दोघं साचेवाले आले, मग त्यांचे दोस्त, मग परळच्या डेपोत गावच्या गाडीची वाट बघणारे चाकरमानी. "शामराव, इतकी वर्षं गाणी ऐकतो, पण शब्द पहिल्यांदा ऐकायला आले," असं एक म्हातारा डोळ्यांत पाणी आणून सांगून गेला. गिरणगावात साचेवाले हजारोंनी होते आणि त्यांच्या कानाच्या मापाची कॅसेट आजवर कुणी काढलीच नव्हती. त्यांच्या बायका शामरावांना शिव्या घालायला येत त्या वेगळ्या.

तक्रार एकच होती. कॅसेटची दुसरी बाजू कोरी. उलटी करून लावली की नुसती खरखर.

"अर्धी कॅसेट विकता होय?" गिऱ्हाइकं भांडत. दत्ताराम थंडपणे सांगे, "धोटा या बाजूनं गेला की त्या बाजूनं परत येतो. सवाल टाकलाय. जबाब आला की भरू." सवाल टाकून वर आपणच गात बसायचं, ही कुठली रीत? बारीत समोरच्याची पाळी ही समोरच्याचीच. तो कितीही फितूर असला तरी.

पण समोरच्याला हे कळवणार कोण? ते काम मालननं केलं. महादेवाची बायको शेवंती तिची नळावरची मैत्रीण. नवऱ्यांच्या अबोल्याशी त्या दोघींना काही देणं-घेणं नव्हतं. मालननं पदराखालून कॅसेट दिली, आणि पुढच्या आठवड्यात शेवंतीनं बादलीतून ती परत केली. दुसरी बाजू भरलेली होती. महादेवानं ती वरळीच्या कुणा मालकाच्या ड्रायव्हरच्या मशीनवर भरली होती, आणि महादेवाचेही कान गिरणीनंच ठेवून घेतलेले असल्यामुळं आवाज तितकाच भीषण होता.

"शक्तीवाला शाहीर झाला, गल्लीत खातो भाव,
बायको थापी भाकऱ्या अन्‌ हा मिशीवर मारी ताव!"

दत्तारामनं ते ऐकलं, भयंकर चिडला, आणि त्या दिवशी किती तरी महिन्यांनी पोटभर जेवला. मालन सांगते, तो मधूनमधून हसत होता आणि विचारलं की ठसका लागला म्हणत होता.

अशी धोटा कंपनी सुरू झाली. एका बाजूला सवाल, दुसरीला जबाब, आणि मध्ये नळ. गणपतीला एक कॅसेट, शिमग्याला एक. कव्हर गिरगावात ठाकूरद्वारला एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं होई. त्याच्याकडं उरलेल्या पत्रिकांचा कागद असे, त्यामुळं प्रत्येक कव्हरवर वर गणपती आणि खाली 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' असं सोनेरी अक्षरांत आपोआप येई. वर्षं गेली. दोघं अंगणाकडं पाठ करून उभे राहत होते आणि कॅसेटीतून एकमेकांचं नाक कापत होते. कुणालाच नारळ ठेवायचा नव्हता. दत्तारामला आतून एकच धास्ती होती, ती त्यानं कुणाला सांगितली नाही. एखाद्या दिवशी बादलीतून कोरी कॅसेट परत आली तर? मग आपण काय करायचं?

हे असं चाललं असताना दादरहून जयवंत आला.

जयवंत हिंदू कॉलनीतला. बाप बँकेत मोठा साहेब, आणि हा इंजिनियरिंगला नापास होऊन गिटार वाजवणारा. धोट्याची एक कॅसेट त्याला फुटपाथवर मिळाली होती आणि तो आवाज ऐकून त्याला रात्रभर झोप आली नाही. परदेशातल्या बँडना जो फाटका आवाज काढायला महागडी यंत्रं लागतात, तो घोडपदेवच्या कुणीतरी खोलीत बसून काढलाय! तो आपल्या तिघा मित्रांना घेऊन चाळीत थडकला. केस उभे, गळ्यात कुत्र्याचा पट्टा, आणि पँटी गुडघ्यावर, मांड्यांवर, जिथं म्हणून फाटता येतील तिथं फाटलेल्या.

"काका, आम्ही पंक आहोत," तो म्हणाला. "बँडचं नाव द मॅनहोल्स."

"म्हणजे काय रे?" मालननं विचारलं.

"गटाराचं झाकण, काकू."

"अरे, एखाद्या देवाचं नाव नाय सुचलं?" मालन हळहळली. तिची नजर पँटींवरच होती. चांगल्या घरची पोरं, आणि आयांचं लक्ष नाही. तिनं त्यांना आधी घावने-चटणी खाऊ घातली.

जयवंतनं विचारलं, "काका, हे डिस्टॉर्शन तुम्ही कसं आणता?" दत्तारामनं ओठ वाचले, पण तसला शब्द साचेखात्यात कधी कुणी बोललेला नव्हता. त्यानं टेपरेकॉर्डरच्या काट्यावर बोट ठेवलं. "लाल," तो म्हणाला. चौघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना वाटलं, केवढं हे तत्त्वज्ञान.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मालननं पोरांना दत्तारामचे पट्ट्यापट्ट्यांचे लेंगे घालायला लावले आणि पँटी काढून घेतल्या. दोन खोल्यांपलीकडं शिलाईचं मशीन होतं. इकडं पोरं लेंगे घालून मोरीत ड्रम बडवत होती, तिकडं तिनं सगळ्या पँटी ठिगळं लावून, रफू करून, वर इस्त्री मारून तयार ठेवल्या. गाणं इंग्रजी होतं. अर्थ असा की, मला तुमची नोकरी नको, साहेबाला सलाम ठोकणार नाही, उपाशी मेलो तरी बेहत्तर. मध्येच कुकरची शिट्टी झाली ती गाण्यात तशीच राहिली. दत्तारामनं स्पीकरवर हात ठेवला. अशी थरथर त्याला साचेखातं सुटल्यापासून लागली नव्हती. एवढं गोड संगीत त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. जयवंत मात्र इस्त्रीच्या पँटीकडं बघून रडकुंडीला आला. पण काकूंना काही बोलायची छाती पंकचीही झाली नाही.

कॅसेट निघाली. वर गणपती, मध्ये 'द मॅनहोल्स', खाली 'आपले आगमन प्रार्थनीय आहे'. दुसरी बाजू कोरी.

"काका, ही कोरी का?" जयवंतनं विचारलं.

"तिकडनं उत्तर यायचंय," दत्ताराम सवयीनं म्हणाला. जयवंतनं ते कॉलेजात सगळ्यांना सांगितलं. समाजाकडून उत्तर यायचंय म्हणून बाजू कोरी! दादरपासून गिरगावापर्यंतच्या उभ्या केसांच्या पोरांत धोटा कंपनीचं नाव झालं.

आणि मालननं आपल्या नेहमीच्या सवयीनं, नवीन कॅसेट निघाली म्हणून, ती पदराखालून शेवंतीला दिली.

महादेवानं ती लावली. सवाल इंग्रजीत! त्याची भुवई चढली. दत्ताराम आता भाड्यानं साहेब आणून शिव्या घालतोय तर. पण धोट्याची कॅसेट म्हणजे सवाल, आणि कोरी बाजू म्हणजे आपली पाळी. तो रीतीला चुकणारा गडी नव्हता. त्यानं मुलीला हाक मारली. मंजुळा तेव्हा कॉलेजात जात होती. तिनं कान दाबून पुन्हा पुन्हा ऐकलं आणि अर्थ सांगितला. "बाबा, तो म्हणतोय, नोकरी नको. साहेबाला सलाम ठोकणार नाही. उपाशी मेलो तरी चालेल."

महादेवानं टेप बंद केला. तिकडं दादरचा एक पोरगा बापाच्या बँकेतल्या नोकरीला नाही म्हणत होता, पण महादेवाला ते कुठून ठाऊक असणार? त्याला वाटलं, इतकी वर्षं थट्टा-मस्करीत गेलेला सवाल दत्तारामनं आज पहिल्यांदा सरळ विचारलाय. मग जबाबही सरळच द्यायला हवा.

कॅसेट बादलीतून परत आली. दत्तारामनं मोठ्या उत्साहानं लावली. आवाज पूर्ण, तळहात स्पीकरवर, कान त्याच्या शेजारी. ना ढोलकी होती, ना झांज. नुसता महादेवाचा बेसूर गळा.

"भूक तुझी रे गाण्यामधली, मला घरातली ठावी,
तापामध्ये पोर बरळली, 'बाबा, पेज हवी.'
मान खाली घालून शिरलो, झाली नाही वर,
सांग शक्तीवाल्या, माझ्या जागी असतास तू तर?"

पुढं खरखर होती. दत्तारामनं ती खरखरही शेवटपर्यंत ऐकली.

मंजुळा! हीच ना ती, त्याच्या खांद्यावर बसून भायखळ्याची राणीची बाग बघून आलेली? त्याला स्वतःचं मूलबाळ नव्हतं, तिनंच त्याच्या मिशा ओढल्या होत्या. "तिला ताप कधी आलेला?" त्यानं मालनला विचारलं. या वेळी मालन त्याच्या समोर बसली आणि पुटपुटली नाही. एकेक शब्द ओठांत घोळवून म्हणाली, "टायफॉइड. तेव्हाच. मी सांगितलं होतं. महादेवाचं नाव आलं की तुम्ही तोंड फिरवत होताव."

त्याला लॉरी आठवली. फळीवरचे ते हलणारे ओठ आठवले. दत्तारामला फार वाईट वाटलं. इतकं की त्यानं टेपरेकॉर्डरवर टॉवेल टाकून ठेवला. सवालाचा जबाब त्याला ठाऊक होता. तो तोंडातून काढायचा म्हणजे फाटकावर काढलेली सगळी वर्षं कुणाच्या तरी पायाशी ठेवायची, आणि तेही अख्ख्या संपवाल्या चाळीत. त्यापेक्षा जबाब नाही म्हणून गुपचूप नारळ ठेवणं सोपं.

म्हणून त्यानं नारळ आणला. पिशवीत घालून समोरच्या चाळीचा जिना चढला आणि अर्ध्यातून परत आला. दुसऱ्या दिवशी बघतो तर नारळ नाही. मालननं तो खवून आमटीला वाटण लावलं होतं. त्यानं दुसरा आणला. तोही जिन्यातून परत आला आणि त्याची सोलकढी झाली. तिसऱ्याची गोडाची कापं झाली. "आणा अजून," मालन म्हणायची. "तुम्ही काय जात नाय. निदान जेवण तरी चांगलं होतंय." त्या महिन्यात त्या घरात जितका नारळ खाल्ला गेला तितका अख्ख्या कोकणात लग्नसराईत खाल्ला जात नसेल.

एवढ्यात दोन्ही चाळींची मिळून सत्यनारायणाची पूजा आली. पूजेला करमणुकीचा कार्यक्रम लागतो. मालननं जयवंतला निरोप धाडला, गाणं म्हणतोस ना, मग पूजेला ये, तीर्थप्रसादही मिळेल. आणि मॅनहोल्स आले. ठिगळाच्या, इस्त्रीच्या पँटी घालून आले, कारण ठिगळं बघून कॉलेजातल्या सगळ्या पोरांनी तश्शीच लावून घेतली होती. संध्याकाळी आरती झाली, भटजींनी दक्षिणा कनवटीला लावली, आणि पोरांनी अंगणात भाड्याचे भोंगे लावून बटणं लालात नेली.

पहिल्याच ठोक्याला भटजी सोवळं सावरत घोडपदेवच्या नाक्यापर्यंत पोचले. कबुतरं उडाली. बायकांनी पोरांचे कान झाकले आणि पोरांनी आयांचे. कोण कुणाला काय सांगतंय, काही कळेना. सगळे नुसते तोंडं उघडत-मिटत होते. फक्त म्हातारे साचेवाले कठड्याला टेकून सुखानं डुलत होते.

दत्ताराम आपल्या गॅलरीत भिंतीकडं तोंड करून उभा होता. पिशवीत नवा नारळ होता. आणि त्याच्या पायाखालची फरशी थरथरायला लागली. थेट साचेखात्यासारखी. आता शरीराची म्हणून एक सवय असते. फरशी थरथरली की समोरच्या साच्यावर बघायचं, ही त्याची जवानीतली सवय. त्याला काही कळायच्या आत तो वळला होता.

अंगणापलीकडं महादेवही वळला होता.

महादेवाचे केस पांढरे झालेले, हे दत्तारामला माहीतच नव्हतं. वाटेत दिसलाच तर पाठमोरी टोपीच दिसायची. दोघं क्षणभर बघत राहिले. मग महादेवाचे ओठ हलले, मोठे, सावकाश, जुन्या वळणाचे.

"जेवलास?"

रोज दुपारच्या सुट्टीला हाच पहिला प्रश्न असायचा. दत्तारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाय," तो ओठांनी म्हणाला. "तू?"

"वाट बघतोय."

"लॉरीत काय सांगत होतास?"

"तेच. पोरीला ताप हाय."

"मी बघितलं नाय."

"ते मी बघितलं."

खाली सगळं जग बहिरं झालं होतं आणि वर हे दोघं आरामात गप्पा मारत होते. दत्तारामनं पिशवीतून नारळ काढून वर धरला. महादेवानं मान हलवली, हातानं खूण केली. नारळ नको. जबाब दे. आणि त्यानं सवाल पुन्हा विचारला. माझ्या जागी तू असतास तर?

दत्ताराम ओठांनी बोलला. महादेवाला दिसलं नाही, मध्ये पताका आली होती. त्यानं कानामागं हात नेला. बहिऱ्यानं बहिऱ्याला केलेली ती खूण बघून दत्ताराम चिडला, कठड्यावरून वाकला आणि छातीत होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओरडला.

गाणं त्याच वेळी संपलं होतं. त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. अंगणात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, अशा शांततेत दोन्ही चाळींनी, मंजुळेनं, फाटकावर त्याच्यासोबत उभ्या राहिलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

"मी पण गेलो असतो रे! पोरीसाठी मी पण गेलो असतो!"

 एक जुना संपवाला खाली बघून शेंगदाण्याची सालं वेचत राहिला. शेवंतीनं डोळ्यांना पदर लावला. आणि महादेव, ज्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं पण दिसलं सगळं होतं, तो टोपी काढून ढसाढसा रडला, आणि मग शेवंतीला जोरात म्हणाला, "पान वाढ. एकच वाढ."

नारळ कुणी कुणापुढं ठेवायचा यावर त्या दोघांचं अजून भांडण चालू आहे. महादेव म्हणतो, दत्तारामनं जबाब दिला, म्हणजे हरलो मी. दत्ताराम म्हणतो, असला जबाब देणारा जिंकला कसा? तो नारळ मात्र मालननं त्याच संध्याकाळी फोडून प्रसादात वाटून टाकला.

जयवंतनं पूजेचा सगळा कार्यक्रम टेप केला होता. धोट्याची ती शेवटची कॅसेट. एका बाजूला मॅनहोल्स, त्यांच्या शेवटी दत्तारामची आरोळी, आणि दुसरी बाजू कोरी. शामरावांच्या दुकानात लोक अजून विचारायचे, याचा जबाब कधी येणार. शामराव कंटाळून एकदा दत्तारामकडं आले आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "त्या कोऱ्या बाजूवर काय भरायचं?"

"काय नाय," दत्ताराम म्हणाला. तो महादेवासमोर बसून घावने खात होता आणि त्याची नजर महादेवाच्या तोंडावरून हलत नव्हती. "जबाब घरी आलाय. जेवू द्या त्याला."